ऐकू न येण्याची तोंडी परीक्षा

कर्णबधिर ग्राहक सुविधा कक्षाचा नियम साधा होता. अक्षरफोनसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला कार्यालयातून फोन जाईल आणि आपल्याला ऐकू येत नाही, हे अर्जदाराने फोनवर स्पष्ट आवाजात सांगावे.

शिवणकाम करणाऱ्या मावशीला हा अक्षरफोन, म्हणजे टाइप करून बोलायचा फोन, हवाच होता. तिचे कान तापात गेले होते, जीभ मात्र शाबूत. परगावच्या लेकीने तसा फोन केव्हाच बाजारातून विकत घेतला होता. पण मावशीकडे नाही, म्हणून लेक शेजारच्या काकूंना फोन करायची आणि काकू निरोप चिठ्ठीवर लिहून आणायच्या. लेकीने सांगितलेलं असायचं, "बाळाला दात आला." चिठ्ठीत यायचं, "दात आला. उशीरच म्हणायचा. आमच्या नातवाला पाचव्या महिन्यातच आला होता." मावशीला लेक हवी होती, मध्ये काकूंचा नातू नको होता.

अर्जावर नंबर काकूंचाच. कक्षाचा फोन आला तेव्हा काकूंनी रिसीव्हर मावशीच्या हातात दिला. मावशी गप्प. शेरा पडला, 'अर्जदार अनुपलब्ध.' दुसऱ्यांदा काकूच बोलल्या, अगदी वीस मिनिटं. शेरा पडला, 'अर्जदारास उत्तम ऐकू येते.'

मावशी थेट कक्षात जाऊन साहेबांपुढे बसली.

"साहेब, मला ऐकू येत नाही."

"हे फोनवर सांगायचं होतंत ना, बाई."

"फोनवर जमलं असतं तर इथे कशाला कडमडले असते?"

साहेबांना मुद्दा पटला, पण पटल्याचा रकाना फॉर्मात नव्हता. त्यांनी शेजारच्या टेबलावरचा रिसीव्हर तिला दिला आणि आपल्या फोनवरून तो नंबर फिरवला.

"हॅलो. आपल्याला ऐकू येतं का?"

"नाही."

"मग उत्तर कसं दिलंत?"

"तुमच्या ओठांवरून. मिशी जरा कापा हो, अर्धे शब्द तिच्यातच अडकतात."

साहेबांनी तोंडापुढे फाइल धरून पुन्हा विचारलं. मावशी निवांत पंखा बघत बसली. आता साहेबांना घाम फुटला. उत्तर दिलं तर ऐकू येतं, नाही दिलं तर अनुपलब्ध.

"दोन्ही शिक्के मारा ना, साहेब," शिपाई म्हणाला. "एकमेकांना खोडतील आणि अर्ज मोकळा होईल."

कक्षाच्या इतिहासातला हा पहिला मंजूर अर्ज.

अक्षरफोन घरी आला. मावशी लेकीशी दोन तास बोलली; काकू दारात चुळबुळत उभ्या. या फोनवरून साध्या फोनवाल्यांशीही बोलता यायचं, मधली ऑपरेटर मजकूर वाचून दाखवायची. मावशीने हुरूपाने गिऱ्हाइकांची वही काढली. ऑपरेटर म्हणायची, "नमस्कार, अक्षरफोन सेवेतून बोलतेय, आपल्यासाठी एक..." की लगेच मावशीच्या पडद्यावर अक्षरं उमटायची, 'समोरून फोन ठेवला.' पुढचा नंबर, 'फोन ठेवला.' त्या कक्षाचा किस्सा ऐकून हीच मंडळी पोट धरून हसली होती.

तुम्हीही आत्ता हसलात. परवा दुपारी तुम्हालाही तो 'नमस्कार' आला होता. "आम्हाला काही नकोय," म्हणालात आणि ठेवलात.

तुमची पँट शिवून तयार आहे. घेऊन जा.