पेन का एक?

आमच्या बोरगाव मेघेच्या गल्लीत कोणाला नुसतं दुखायची सोय नाही. शेजारच्या वानखडे सिस्टर लगेच विचारतात, "पेन का एक?"

सिस्टर दवाखान्यातून रिटायर झाल्या, पण इंग्रजी शब्दांची नाडी तपासणं सुटलं नाही. जवळच्या अर्थाच्या दोन शब्दांची कोणी सरमिसळ केली की त्यांना बसवत नाही. "चमक मारते ते पेन. ठणकून राह्यते ते एक, हेडेकमधलं."

माझ्या सासूबाईंना त्यांनी पहिल्यांदा हे विचारलं, तेव्हा सासूबाई गुडघे धरून म्हणाल्या, "एक नाई वं, दोन्ही दुखतेत!"

सिस्टर हसता हसता ओट्यावरच बसल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी बसतात.

त्या गुडघ्यांना तेल मी लावते. पण माझ्याशी बोलणं काय, तर "गॅस बंद केला का?" सिस्टरजवळ मात्र माहेर, मेलेली बहीण, सगळं निघतं. परवा तर सासूबाईंनी भाजीवाल्याला सुनावलं, "स्मॉल वांगे नको, लिटल दे. लिटल म्हंजे लहान अन् लाडाचे!" भाजीवाला माझ्याकडे बघत राहिला.

ती लाडाची वांगी भरून झाली. मी चव बघायला गेले, तर सासूबाईंनी वाटीवर झाकण ठेवलं. "हे सिस्टरले ठेवजो."

माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी सिस्टर आल्या, तशी मी दारातच म्हणाले, "तुमच्या घरी गॅस नाही का हो?"

सिस्टर थबकल्या. "एवढी काऊन तापली वं?"

"जळते मी तुमच्यावर! जेलस म्हणा, नाही तर एनव्हियस म्हणा!"

त्यांचा चेहरा उतरला होता. तरी राहवलं नाहीच. "दोन्ही सारखं नाई, पोरी. आपलं माणूस कोणी नेईल म्हणून जीव जळते, ते जेलस. दुसऱ्याजवळ हाये अन् आपल्याजवळ नाईच, ते एनव्हियस. तू जेलस हायेस."

चपलेत पाय घालत त्या हळूच म्हणाल्या, "एनव्हियस मी हावो. ड्यूटीवरून आली तं 'जेवली का' म्हणणारं कोणी नव्हतं. आताबी नाई."

त्या फाटकापर्यंत गेल्या. मी मागून विचारलं, "सिस्टर, जेवल्या का?"

त्या वळल्या. आतून सासूबाई ओरडल्या, "इचारून काय राह्यली तिले? ताट घे!"

मी तीन ताटं घेतली.