सुपडूनाना ओढून पाहतात

आमच्या गल्लीतल्या एका लग्नात भटजींनी नवरानवरीच्या शेल्याची गाठ मारली आणि पुढच्याच रांगेतले सुपडूनाना उठून बोहल्यावर चढले. आम्हाला वाटलं, आहेर द्यायला निघाले. नानांनी गाठीच्या दोन्ही बाजू धरून हिसका दिला. गाठ सुटली.

"नवरीचा शेला रेशमी आहे, उपरणं सुती," नाना शांतपणे म्हणाले. "रेशीम सरकतं. त्याला दोन वेढे जास्त लागतात."

नवरीची आई डोळे वटारून बघत होती, पण नानांनी स्वतः गाठ मारली, पुन्हा ओढून पाहिली आणि खाली येऊन बसले. तो संसार अजून सुखाचा चाललाय. त्यातला निम्मा वाटा आपला, असं नानांचं ठाम मत आहे.

नाना म्हणजे दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले फिटर. मूळ गाव दोंडाईच्याकडे, तापीच्या काठी. आमच्या दारासमोर त्यांचं दार. इतकी वर्षं इकडे काढली तरी गडी मनातून अहिराणीच. माझ्याशी शुद्ध बोलतात, पण गाठीचा विषय निघाला की गाडी रुळावरून उतरते. "ओढी देख," हा त्यांचा जप. ओढून बघ. मुलांच्या बुटांची नाडी, माझ्या पिशवीचे बंद, गॅसवाल्याच्या सायकलीची दोरी, नानांनी ओढून पाहिली नाही अशी वस्तू आमच्या गल्लीत नाही. एकदा मी बहिणीला कपड्यांचं पार्सल बांधून ठेवलं होतं. नानांनी ते सोडलं, सुतळीला थुंकी लावली आणि परत बांधलं. मी म्हटलं, "नाना, त्यात कोरी साडी आहे हो." तर म्हणे, "थुंकी साडीले नही, गाठले लावी."

रोज सकाळी चहा झाला की ते ओट्यावर दोन रिळं घेऊन बसतात. एकात तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा जाड, ताठ धागा. दुसऱ्यात नव्या तऱ्हेची विणलेली बारीक दोरी, वेणीसारखी, हाताला मऊ. या दोघांना जोडायचं, हा नानांचा छंद. तंगूस ताणला की लांबतो, दोरी हूं की चूं करत नाही. एक ताठ, एक निसरडी. साधी गाठ मारली की निसरडी हळूच निघून जाते. म्हणून प्रत्येकाचं टोक दुसऱ्याभोवती फिरवायचं, तंगुसाचे पाच वेढे, दोरीचे आठ. मग जिभेवर धरून ओलं करायचं, कारण कोरडं ओढलं तर धागा घासून जळतो. आणि सावकाश ओढायचं, दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना टेकेपर्यंत.

हे झालं की नाना दोन्ही हातांनी ताणून बघतात, मान हलवतात आणि कात्रीने गाठ कापून पत्र्याच्या डब्यात टाकतात. दुसऱ्या दिवशी परत तेच.

"मासे धरायला कधी जाणार?" मी एकदा विचारलं.

"मासा काय करू?" असं म्हणून त्यांनी विषयच बदलला. डब्यातून एक पिवळा पडलेला तुकडा काढून माझ्यापुढे धरला. "बाई, हे बघा. धागा तुटला तर टोक सरळ राहतं. गाठ सुटली तर टोक असं वळतं, डुकराच्या शेपटीसारखं. टोक कधी खोटं बोलत नाही."

तुकड्याचं टोक चांगलं गोल वळलेलं होतं.

त्या तुकड्याची गोष्ट मला त्यांच्या बायकोने, कमलअक्कांनी सांगितली, तीही मेथी निवडता निवडता. पंधरा वर्षांमागे नाना गावी गेले होते. जाताना सुरतेहून मागवलेली नवी दोरी नेली. थोरले भाऊ, महादूआबा, म्हणजे गळ टाकण्यात गावातला पहिला माणूस. नानांनी मोठ्या ऐटीत आबांच्या जुन्या तंगुसाला आपली नवी दोरी जोडून दिली, आणि बांधली कशी, तर बैलाच्या दाव्याला मारतात तशी. त्याच दिवशी कटला लागला. शेळीएवढा, असं अक्का म्हणाल्या, पण खानदेशात हुकलेला मासा दरवर्षी वाढतो. काठावर सगळं गाव जमलं आणि मासा गेला. तंगुसाचं रिकामं टोक नानांनी कापून आणलं, तोच हा तुकडा. आबा चारचौघांत म्हणाले, "सुपड्याना हातनी गाठ. आखो काय व्हई?" आणखी काय होणार म्हणे. नानांना ते लागलं. पुतण्याच्या लग्नालाही गेले नाहीत. मग आबाही बोलायचे थांबले.

"आता जायची लाज वाटते त्यांना," अक्का म्हणाल्या. "म्हणून बसतात गाठी मारत. पंधरा वर्षांपूर्वीची गाठ आज नीट मारून काय उपयोग, तुम्हीच सांगा."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी समोर जीप थांबली. जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून पुतण्याने आबांना नानांच्या दारात उतरवलं आणि तो कामासाठी नशिराबादला निघून गेला. आबा भिंतीला हात लावत ओट्यावर आले. पांढरं धोतर, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात प्लास्टिकची पिशवी. नाना उठून उभे राहिले. अक्कांनी मला चहाच्या निमित्ताने बोलावून घेतलं. घाबरल्या होत्या बिचाऱ्या.

आबांनी पिशवीतून रीळ काढलं. वर जुना तंगूस, सोबत नव्या दोरीचा गुंडा.

"पोऱ्यानी आणी," आबा म्हणाले. "डोयाले दिसस नही आते. तू बांधी दे."

पंधरा वर्षं जी गाठ रोज मारली, ती नानांनी आता मारायला घेतली. पाच वेढे झाले. आठ मोजताना ते दोनदा चुकले. टोक जिभेवर धरलं, सावकाश ओढलं. मग तंगुसाची बाजू भावाच्या हातात दिली आणि दोरी स्वतःच्या मुठीला गुंडाळली.

"ओढी देख, आबा."

आबांनी ओढलं. अजून ओढलं. म्हातारा अंगाने किरकोळ, पण हाताला काय जोर. गाठ हलली नाही, नाना मात्र ओढले गेले, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि शेवटी भावाशेजारी ओट्यावरच बसले. आबांनी बोटांनी गाठ चाचपली.

"पक्की शे," ते म्हणाले. मग म्हणाले, "सुपडू, त्या रोजना तंगूस तुटना व्हता. सुटना नव्हता. जुना व्हता मना तंगूस." त्यांचाच तंगूस जुना होता म्हणे, तो तुटला; गाठ सुटली नव्हती.

पत्र्याचा डबा नानांच्या पायाशीच होता. झाकण उघडं. वळलेल्या टोकाचा तो पिवळा तुकडा अगदी वर पडला होता. शेल्याची गाठ भर मांडवात सोडणारा हा माणूस आता काय बोलतो म्हणून मी कप हातात धरून उभी राहिले.

नानांनी पायाने झाकण लोटलं.

"हा आबा," ते म्हणाले. "तुटना व्हता."