पहिला नकार अंतिम

एखाद्या संस्थेची उंची मोजायची झाली, तर तिचा पुरस्कार घ्यायला माणसं किती वेळ नाही म्हणतात, ते घड्याळ लावून मोजावं. या कसोटीवर नेपरव्हिलच्या मराठी आइस हॉकी मंडळाइतकी उंच संस्था उत्तर अमेरिकेत दुसरी नसावी. (दक्षिण अमेरिकेची माहिती मागवलेली नाही.)

मंडळाचा चिटणीस आणि गोलकीपर देवदत्त टिपणीस याच्याकडे यंदा स्मरणिकेसाठी 'सर्वोत्कृष्ट खेळाडू पुरस्काराचा इतिहास' लिहिण्याचं काम आलं. इतिहासकार तटस्थ असावा असं सर्वांचं मत पडलं, आणि संस्थापकांपैकी ज्याला हा पुरस्कार दहा वर्षांत एकदाही मिळालेला नाही असा तटस्थ माणूस एकच होता. देवदत्तने दहा वर्षांचा इतिहास लिहून काढला आणि अकराव्या वर्षासाठी शेवटचं पान रिकामं ठेवलं. ते त्याने किती आशेने ठेवलं होतं हे फक्त त्याच्या बायकोला, हिमानीला, ठाऊक होतं. पुरस्कारासाठी राखलेलं दिवाणखान्यातलं एक फडताळ तिला सहा वर्षं रिकामंच पुसावं लागत होतं.

मंडळाची स्थापना थंडीमुळे झाली. मुलांना हॉकीला घातलं की आईबापांनी रविवारी सकाळी रिंकच्या बाकावर दोन-दोन तास कुडकुडत बसायचं, अशी इथली रीत. चौथ्या हिवाळ्यात त्यांतल्याच एका बापाच्या, केदारच्या, लक्षात आलं की बर्फावर आपटणाऱ्या मुलांना घाम येतो आणि बाकावर बसणाऱ्या पालकांना सर्दी होते. पुढच्या मोसमात अकरा पालकांनी नावं नोंदवली. देवदत्त तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. लहान मुलांना धरायला प्लास्टिकचा सील प्राणी देतात, तो धरून तो स्केटिंग शिकला. सील गुडघ्याएवढाच असल्यामुळे त्याला सतत ओणवं राहावं लागे. असं ओणवं गोलकीपर उभा राहतो, असं कोणीतरी म्हणालं आणि संघातली त्याची जागा कायमची ठरली.

पुरस्कार म्हणजे स्टीलची एक कळशी. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी बाजारात, भांड्यांच्या दुकानात ती मिळाली, आणि तिथेच मागच्या खोलीत भांड्यांवर नावं घालणारे एक गृहस्थ मिळाले. दर वर्षी मानकऱ्याचं नाव कळशीच्या पोटावर टिंबाटिंबांनी घालायचं, आणि मानकऱ्याने बर्फावरच कळशीतून पन्हं प्यायचं. (पन्ह्याचा हंगाम एप्रिल, हॉकीचा मोसम संपतो मार्चमध्ये, त्यामुळे पन्हं बाटलीतलं असतं.) नाव घालून आणणं हे चिटणिसाचं काम. दहा वर्षं देवदत्त पार्किंग शोधत डेव्हनला चकरा मारत होता आणि मांडीवर कळशी घेऊन दुसऱ्यांची नावं उमटताना बघत होता. आता कळशीवर एकाच नावाची जागा उरली होती. ती त्याने मोजली होती. 'देवदत्त' बरोबर बसत होतं.

आता प्रत्यक्ष इतिहास. पहिल्या वर्षी संघाचा एकच गोल झाला, तोही केदारच्या पाठीला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, लागून. पुरस्कार जाहीर होताच केदार म्हणाला, "अहो, मला कशाला? माझी तर पाठ होती." लोकांनी "घ्या हो, घ्या" केलं, तो तीनदा नाही म्हणाला आणि मग त्याने घेतला. वेळ दोन मिनिटं. दुसऱ्या वर्षी राजेशची पाळी आली. केदारपेक्षा लवकर घेतला तर हावरटपणा दिसेल म्हणून राजेश सहा मिनिटं नाही म्हणाला. त्यापुढच्या मानकऱ्याला अर्थातच नऊ मिनिटं लागली. पाचव्या वर्षीचे मानकरी नाही म्हणत म्हणत थेट कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि त्यांना चौघांनी धरून आणलं. वेळ तेवीस मिनिटं. बर्फ सपाट करणारी गाडी घेऊन रिंकचा गोरा चालक दर वर्षी ताटकळत असे. त्या वर्षी तो गाडीवरून ओरडला, "घ्या!" मंडळाने अमेरिकेला दिलेलं एवढं एकच सांस्कृतिक योगदान, पण ते नोंदवलंच पाहिजे.

सहाव्या वर्षी मंजुषाला पुरस्कार मिळाला. संघाच्या बावीस गोलांपैकी एकोणीस तिचे होते. (मधल्या चार वर्षांतही साधारण हेच प्रमाण होतं, पण ती काय, केव्हाही जिंकेलच, असा समितीचा विश्वास होता.) नाव पुकारल्यावर मंजुषा पुढे आली, "थँक यू" म्हणाली, कळशी घेतली आणि पन्हं प्यायली. वेळ तीन सेकंद. मंडळाच्या दप्तरात याची नोंद 'घेतला प्रकरण' अशी आहे. "लगेच घेतला?" असं लोक पुढची दोन वर्षं एकमेकांना विचारत होते. देवदत्तही विचारत होता, आणि सगळ्यात मोठ्याने.

दहाव्या, म्हणजे गेल्या वर्षी नकार एक्केचाळीस मिनिटं चालला. पुढच्या स्केटिंगच्या वर्गातल्या सहा-सहा वर्षांच्या वीस मुली पाठीला पऱ्यांचे पंख लावून दारात थंडीने निळ्या पडल्या. रिंकने मंडळाला पत्र पाठवलं.

ते पत्र वाचायला बोलावलेल्या सभेत अध्यक्षही निवडायचा होता. सभा चालवायला केदारची मुलगी अनिका बसली होती. अनिका इथेच जन्मलेली, सगळ्यांसमोर लहानाची मोठी झालेली, मराठी समजतं, उत्तर निम्मं इंग्रजीत. तिने राजेशला विचारलं. राजेश म्हणाला, "मी कसला अध्यक्ष? दुसरं कुणीतरी बघा." अनिका म्हणाली, "ओके काका," आणि पुढच्याला विचारलं. अशी तेरा माणसं दीड मिनिटात संपली. शेवटी तीच अध्यक्ष झाली. बाकीचे घरी जाऊन आठवडाभर रुसले. देवदत्तला हे इतकं विनोदी वाटलं की त्याने ते इतिवृत्तात सविस्तर लिहिलं आणि चार ठिकाणी पार्टीत सांगितलं.

मग अनिकाने सुधारणा मांडली. "काका लोक, इट्स सिंपल. नको म्हणजे नको." अमेरिकेत राहून या वाक्याच्या विरोधात हात वर करणं कुणाच्याही प्रकृतीला मानवणारं नाही. घटनेत कलम नऊ-ब दाखल झालं: पहिला नकार अंतिम समजण्यात येईल व पुरस्कार यादीतील पुढील नावास जाईल. मसुदा देवदत्तचा. अनुमोदन देवदत्तचं. शुद्धलेखनही त्याने दोनदा तपासलं.

यंदाच्या मोसमात संघ चौदाच्या चौदा सामने हरला, पण एकही सामना दोन आकडी गोलांनी हरला नाही. याचं श्रेय गोलकीपरला जातं. देवदत्तने चारशे अकरा पक थांबवले. (त्यांतले साठेक त्याने अडवले, उरलेले त्याला लागले.) मोसमाअखेर डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो बघून सांगितलं की आता बर्फ फक्त सरबतात. म्हणजे हे वर्ष शेवटचं. समितीतल्या मंजुषाने न राहवून हिमानीच्या कानात सांगितलं की यंदा देवदत्तचंच नाव आहे.

रविवारी सकाळी गाडीत बसताना हिमानी म्हणाली, "हे बघ, या वेळी फक्त थँक यू म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही."

"मला सांगतेस? कलम मी लिहिलंय यार."

"म्हणूनच सांगतेय."

बर्फावर सगळे ओळीने उभे राहिले. बाकावरून बायका-मुलं फोन रोखून बसली. अनिका कळशी घेऊन मध्ये आली आणि म्हणाली, "धिस इयर'स एम.व्ही.पी... देवदत्त काका!"

टाळ्या झाल्या. देवदत्तला कळशीवरची रिकामी जागा दिसली, घरातलं फडताळ दिसलं, काचेपलीकडे 'थँक यू' असे ओठ हलवणारी हिमानीही दिसली. त्याने तोंड उघडलं आणि बावन्न वर्षांचे संस्कार बाहेर आले.

"अगं, मला कशाला? दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"ओ," अनिका म्हणाली. तिने हातातला कागद पाहिला. "आर यू शुअर, काका? ओके. टोटली रिस्पेक्ट दॅट. पुढचं नाव, राजेश का..."

"थँक यू!" राजेश म्हणाला. 'का' पुरा व्हायच्या आत. मंजुषाचा तीन सेकंदांचा विक्रम पाच वर्षांनी मोडला.

देवदत्त आजूबाजूला पाहत राहिला. एक आग्रह, फक्त एक, कुठूनही आला असता तर चाललं असतं. पण प्रत्येकाला कलम पाठ होतं. (ते पाठ करून घेण्यासाठी चिटणिसाने तीन ईमेल पाठवले होते.) फक्त रिंकच्या कोपऱ्यातून, गाडीवर उभा राहून चालक जिवाच्या आकांताने ओरडत होता, "घ्या! घ्या!" त्याला मतदानाचा अधिकार नव्हता.

पार्किंगमध्ये अनिका धावत आली. "काका, यू ओके? तुम्हाला हवं होतं का?"

"हवं होतं गं."

"मग नको का म्हणालात?"

देवदत्त म्हणाला, "आमच्यात नको म्हणतात. समोरच्याने ते ऐकायचं नसतं."

"ऑल्वेज?"

"ऑल्वेज," तो म्हणाला आणि गाडीत बसला. घरी आल्यावर हिमानीने त्या फडताळावर मनी प्लांट ठेवला.

संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सोमवारी सकाळी, त्याने नेहमीप्रमाणे मिरजेला आईला फोन केला. झालेलं सगळं सांगितलं. आई आधी खूप हसली. मग म्हणाली, "तू नको म्हणालास आणि त्यांनी ऐकलं? काय माणसं आहेत!"

देवदत्तलाही माणसांचा राग आलेलाच होता. तो तावातावाने बोलायला लागला आणि मध्येच थांबला. मंडळ निघाल्यापासूनच्या अकरा वर्षांत तो मिरजेला दोनदा गेला होता, तेही ऑफिसच्या कामाला जोडून. दर वर्षी तो फोनवर म्हणे, "आई, डिसेंबरात येऊ का?" आई म्हणे, "नको रे, माझ्यासाठी कशाला एवढी दगदग?" आणि तो म्हणे, "बरं." कलम नऊ-ब त्याने गेल्या वर्षी लिहिलं खरं, पण एका सदस्येच्या बाबतीत त्याची अंमलबजावणी तो फार आधीपासून काटेकोरपणे करत आला होता.

"आई, डिसेंबरात येऊ का?"

"नको रे. माझ्यासाठी कशाला एवढी दगदग?"

"नाही, मी येतोच."

"किती तारखेला?" आई म्हणाली.

स्मरणिकेचं शेवटचं पान देवदत्तने त्याच रात्री भरलं. अकरावे मानकरी: राजेश (दुसऱ्यांदा). त्याखाली त्याने एक नोंद जोडली आहे, जी मंडळाच्या कामकाजात बसत नाही, पण अध्यक्षांनी ती राहू दिली. आईच्या नकाराचा एकूण कालावधी: चार सेकंद.

स्मरणिका वाचून ज्यांना देवदत्तचं हसू आलं, त्यांनी आपल्या घरच्या शेवटच्या फोनवर पलीकडून कोण 'नको' म्हणालं आणि आपण किती तत्परतेने 'बरं' म्हणालो, तेवढं आठवून पाहावं. वेळ मोजण्याची आवश्यकता नाही. ती समितीला अंदाजाने माहीत आहे.