चिपची दया

शिवाप्पाला चिपची दया यायची. कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही चौघं कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आवाज मोठा करणारी डबी बनवत होतो. बोलणं माइकमधून डबीत, तिथून इअरफोनमधून कानात. आत एक चिप. आवाज किती, माइक किती तेज, असले शेकडो आकडे ती आपल्या रजिस्टरांत, म्हणजे नंबर घातलेल्या बारक्या खणांत, ठेवायची. आमचा प्रोग्राम दर वेळी तिलाच विचारायचा आणि ती सावकाश उत्तर द्यायची.

"एकदा सांगितल्यालं आपण इसरायचं आन् परत तिलाच इचारायचं? ही काय रीत झाली?" असं म्हणत शिवाप्पानं थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, त्या आकड्यांची नक्कल झाडासारखी मांडली. लहान नंबर डावीकडं, मोठा उजवीकडं. एक बाजू जड झाली की झाड स्वतःच फिरून तोल सावरायचं, म्हणून कुठलाही आकडा चटकन सापडायचा.

साहेब म्हणाले, "सरळ ओळीत ठेवा की."

"साहेब, ह्यांचे नंबर म्हंजे शाहूवाडीतली घरं. एक हितं, दुसरं पार डोंगरापल्याड. मधल्या माळावर कशाला पाट्या ठोकायच्या?"

तोलाचं वेड ऑफिसबाहेरही होतंच. लग्नात समोरची पंगत आखूड दिसली की हा भरल्या ताटासकट उठून तिकडं जाऊन बसायचा. आणि बोलायला लागला की झाडावरच. आम्ही चहाच्या निमित्तानं सटकायचो.

एकदा कानाचे एक डॉक्टर डबी बघायला आले. बॅटरी वाचवायला चिपला झोपवलं की ती सगळे आकडे विसरायची, आणि उठल्यावर आवाज डासाएवढा. डॉक्टरांनी इअरफोन लावले, डबी झोपेतून उठली आणि शिवाप्पाच्या झाडानं सगळे आकडे चिपला परत भरवले. नेमके तेव्हाच कोपऱ्यात साहेब माझ्याशी कुजबुजले, "गडी चिकट दिसतोय."

कानातले इअरफोन न काढताच डॉक्टर वळले. "चिकट आहे खरा. पण डब्या घेतो."

त्या रविवारी शिवाप्पा म्हणाला, "मुरगूडला येतोस? अक्काला डबी द्यायची हाय." अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं; ती त्याला तम्मा म्हणायची, कानडीत धाकटा भाऊ. कान गेल्यापासून घरचे तिच्याशी खुणेनंच बोलायचे.

अक्का सोप्यात शेंगा फोडत बसली होती. शिवाप्पानं तिच्या कानात इअरफोन घातले, माइक तोंडाशी धरला. "अक्का, ऐकू येतंय?"

ती दचकली, मग हसली. "वराडतोस कशाला, तम्मा? येतंय की. काय काम करतोस रं तू तिथं?"

त्यानं झाडच काढलं. मी चहा प्यालो, बाजारापर्यंत चक्कर मारून आलो, तरी तो सांगतच होता. मला बघून ओशाळला. "ऱ्हाऊ दे, अक्का. कंटाळली असशील."

अक्कानं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "न्हाय, न्हाय. डावीकडचं जड झालं. मग फुडं?"

असं त्याला ऑफिसात कुणी कधी विचारलं नव्हतं. तो मांडी घालून नीट बसला आणि माइक परत तोंडाशी धरला.