नणंदेच्या नवऱ्याचा एप्रन

नणंद आली तेव्हा डागताई ओट्यापाशी उभ्या राहून उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर कॉफी सांडत होत्या. तीन वेळा सांडून झाली होती. नवऱ्याचं म्हणणं असं, की डाग कॅमेऱ्यात नीट बसत नाही.

डागताई हे नाव त्यांना प्रेक्षकांनी दिलेलं. चार वर्षांपूर्वी त्यांनी शर्टाच्या खिशातली शाई काढून दाखवली, ती कुणी कुणाला पाठवली, आणि बघता बघता साडेचार लाख लोक त्यांच्या मोरीकडे डोळे लावून बसले. नवरा दुपारपर्यंत एका गोदामात कारकुनी करायचा आणि त्यानंतर घरी येऊन मोबाइल धरायचा. घरातले खरे डाग केव्हाच संपले होते. आता ते मुद्दाम पाडावे लागत.

नणंद वयाने मोठी. अडीच महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला होता. ती खुर्चीत बसली, थोडा वेळ अभ्र्याकडे पाहत राहिली, मग पिशवीतून घडी केलेला एक एप्रन काढून तिने टेबलावर ठेवला. छातीपासून गुडघ्यापर्यंत तपकिरी डाग.

"ह्यांचा आहे," ती म्हणाली. "धुतलेला नाही. धुवायचा नाही."

तिचा नवरा जीन्सच्या कारखान्यात होता. नवी कोरी पँट जुनी दिसावी म्हणून तिच्या मांड्यांवर आणि गुडघ्यांवर फवारा मारायचा, हे त्याचं काम. अकरा वर्षं त्याने नव्या पँटी जुन्या केल्या. त्या पँटी घालून लोक हिंडत राहिले आणि हा माणूस बावन्नाव्या वर्षी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायला लागला. पुढे त्याला पहिली पायरीही झेपेना. कारखान्याने लेखी कळवलं, की आमच्याकडे कुठलंही रसायन वापरत नाहीत, फक्त पाणी आणि घासायला दगड. मयत इसम विड्या ओढत असावा.

"ह्यांनी आयुष्यात काडी पेटवली ती गॅस लावायला," नणंद म्हणाली. "एप्रन रोज गेटवर काढून घेतात. शेवटच्या दिवशी ह्यांना तसेच रिक्षात घालून पाठवलं, म्हणून हा एक घरी आला. पुढच्या गुरुवारी कामगार अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे. ते म्हणाले, एप्रन आणा आणि आणखी साक्षीदार आणा. साक्षीला कोणी येत नाही, वहिनी. बरोबर काम करणारे रस्ता बदलतात. तुझं साडेचार लाख लोक ऐकतात. त्यात असा एप्रन घातलेले दोनचार तरी असतीलच की."

डागताईंना भरून आलं. पण भरून येणं वेगळं आणि साबणाच्या कंपनीशी केलेला करार वेगळा. करारात स्पष्ट लिहिलं होतं, की वादाचे विषय घ्यायचे नाहीत. कंपनीची बाई फोनवर गोड बोलायची. तिला विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, सहानुभूती जरूर दाखवा. पण आपण कुठल्या बाजूचे नाही. आपण फेसाच्या बाजूचे."

"करू या," नवरा म्हणाला. "अक्काचा प्रश्न आहे. फक्त जरा जपून करू या."

त्यांनी इतकं जपून केलं, की व्हिडिओत कारखाना आला नाही, मेलेला माणूस आला नाही आणि एप्रनही घडी उघडून दाखवला नाही. डागताई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "मैत्रिणींनो, काही डाग कपड्यावर दिसतात, पण असतात मनावर. राबणाऱ्या प्रत्येक हाताला माझा नमस्कार. अर्थात, मालकांच्याही अडचणी असतातच." एवढं बोलून त्यांनी डोळे टिपले. डोळे टिपलेला भाग दोनदा घ्यावा लागला, कारण पहिल्या वेळी बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

त्याखाली चारशे लोकांनी लिहिलं. बहुतेकांना कुर्त्याचा रंग आवडला होता. एकीला मागची फरशी कुठून घेतली ते हवं होतं. एकाने विचारलं, निवडणुकीला उभ्या राहताय का. दुसऱ्याने लिहिलं, मालकांकडून किती घेतले. आणि जवळजवळ सगळ्यांनी विचारलं, की ताई, डाग नेमका कशाचा होता आणि तो कशाने जातो.

नणंदेने ते शेजारणीच्या मोबाइलवर पाहिलं आणि सकाळीच येऊन दारात उभी राहिली.

"मालकांच्या अडचणी?" तिने विचारलं.

डागताई कोरडाच ओटा पुसू लागल्या.

"मी तुला भाषण करायला नव्हतं सांगितलं. एप्रन दाखव म्हटलं होतं. जमत नसेल तर तसं सांग आणि तो परत दे."

आता डागताईंना खरोखर लाज वाटली. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की उद्या संध्याकाळी थेट प्रक्षेपण करायचं, कारखान्याचं नाव घ्यायचं, होईल ते होऊ दे. नवरा म्हणाला, "साबण?" त्या म्हणाल्या, "साबण गेला खड्ड्यात." लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण बायको असं काही बोलेल हे त्याला माहीत नव्हतं. त्याने मुकाट्याने मोबाइल चार्जिंगला लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डागताईंनी एप्रन टेबलावर पसरला. मागे स्टुलावर नणंद बसली, मांडीवर नवऱ्याचा फोटो घेऊन. डागताईंनी कारखान्याचं नाव घेतलं, मेलेल्या माणसाचं नाव घेतलं, अकरा वर्षं सांगितली. या वेळी डोळे टिपले नाहीत. बावीस हजार लोक पाहत होते.

"हा चहाचा डाग नाही, गंजाचा नाही, मातीचाही नाही," त्या म्हणाल्या. "कारखाना म्हणतो फक्त पाणी आणि दगड. पाण्याचे असे डाग पडतात का? हे रसायन आहे. हे कशानेही जाणार नाही."

इथे चूक झाली. जो माणूस चार वर्षं प्रत्येक डाग काढून दाखवतो, त्याने हा डाग कशानेही जाणार नाही असं साडेचार लाख लोकांना सांगू नये. खाली झरझर ओळी उमटू लागल्या. मीठ लावून पाहिलंत का. चहाचाच आहे, सासूचा पदर असाच झाला होता. करून न बघता कसं म्हणता ताई. एकाने तर लिहिलं, की नाटक आहे, डाग आत्ताच पाडलाय.

हे शेवटचं डागताईंना झोंबलं. "पाहायचंय?" त्या म्हणाल्या, आणि टब ओढला.

सवयीने हात साबणाच्या कंपनीच्याच डब्याकडे गेला. त्यांनी भरपूर घासलं. डाग तसाच. "बघा," त्या म्हणाल्या. नवऱ्याचा दुसरा फोन वाजायला लागला. साबणाची बाई होती. तो बाहेर जाऊन म्हणाला, की हो मॅडम, दिसतंय, डाग गेला नाही तेच दाखवायचं आहे. मीठ झालं, सोडा झाला, स्पिरिट झालं. डाग हलेना. पाहणारे चाळीस हजार झाले, साठ हजार झाले. कारखान्याचं नाव त्यांच्या ओठावर यायला लागलं होतं. नणंदेच्या चेहऱ्यावर अडीच महिन्यांत पहिल्यांदा काही आशा दिसत होती.

मग कुणीतरी लिहिलं, लिंबू.

डागताईंनी विचार केला नाही. नंतर त्यांनी नवऱ्याला हे शंभरदा सांगितलं, आणि ते खरंही होतं. चार लिंबं कापली, टबात पिळली, एप्रन वरखाली केला, त्यावर वाटीभर लिंबाचं पाणी ओतलं आणि हात नेहमीसारखे चालू लागले. डाग आधी कडेने फिकट झाला. डागताई पुढे झुकल्या. बोटाखाली पांढरं सापडलं की त्यांना जगाचा विसर पडायचा. त्या आणखी चोळत गेल्या. पाटीवरची अक्षरं ओल्या फडक्याने जावीत तसा डाग गेला. त्यांनी एप्रन दोन्ही हातांनी उचलला, पिळला, झटकला, कॅमेऱ्यापुढे धरला आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी म्हणत तेच त्या हसून म्हणाल्या.

"गेला की नाही?"

पडद्यावर टाळ्या वाजवणारे हात वर जायला लागले. मागे स्टुलावरून नणंद उठली.

"वहिनी," ती शांतपणे म्हणाली, "पुरावा होता तो."

तिने फोटो पिशवीत ठेवला, ओला एप्रन हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. कारखान्यातून पहिल्या दिवशी मिळाला असेल तसा तो दिसत होता. तिने त्याची घडी केली, तीही पिशवीत ठेवली आणि ती निघून गेली. टबातलं पाणी किंचित पिवळं झालं होतं. ते बाटलीत भरून ठेवावं असं नवऱ्याला सुचलं. तोवर डागताईंनी बेसिनमध्ये ओतून टब विसळून ठेवला होता.

तो व्हिडिओ तेवीस लाख लोकांनी पाहिला. कारखान्याचं नाव, मेलेला माणूस, अकरा वर्षं हे सगळं कापून लोकांनी शेवटचं दीड मिनिट ठेवलं. साबणाच्या कंपनीने करार मोडला. कारण दिलं ते वादाच्या विषयाचं नव्हे, साबणाने डाग न गेल्याचं. दोन दिवसांनी डागताईंनी रडत माफी मागितली, तीही थेट. ती नऊ हजार लोकांनी पाहिली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, की लिंबू किती वेळ ठेवायचं.

गुरुवारी नणंद सुनावणीला गेली. डागताई न बोलावता गेल्या आणि तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसल्या. कामगार अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पांढरा एप्रन पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला.

कारखान्याच्या वकिलाने फार काही केलं नाही. खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "साहेब, हातच्या काकणाला आरसा कशाला? घातक रसायन, घातक रसायन म्हणतात, ते चार लिंबांनी गेलं. अर्जदारांच्या भावजयीनेच काढून दाखवलं. तेवीस लाख साक्षीदार आहेत."

अधिकाऱ्यांनी वर पाहिलं. "तुम्ही त्याच ना? आमच्या घरी तुमचं फार चालतं."

डागताई उभ्या राहिल्या. मधल्या दिवसांत त्या औषधाच्या दुकानात जाऊन विचारून आल्या होत्या. "साहेब, लिंबाने गेला म्हणूनच तो परमँगनेटचा आहे, पँटीचा रंग उडवतात त्या रसायनाचा. चहाचा असता तर थोडा साबणाने तरी गेला असता, आणि स्पिरिटने..."

"रसायनशास्त्र शिकलात?"

"नाही."

"मग हे कशावरून सांगता?"

"डाग काढते मी."

अधिकाऱ्यांनी लेखनिकाला सांगितलं, लिहा, साक्षीदार गृहिणी आहे. मग पुराव्याअभावी अर्ज निकाली काढल्याचं त्यांनी वाचून दाखवलं, अपील साठ दिवसांत करता येईल असंही सांगितलं, आणि कागद बाजूला ठेवल्यावर आवाज खाली आणून विचारलं, "सोफ्यावर सांडलेल्या मेणाला काय करावं?"

डागताईंनी उत्तर दिलं. द्यायला नको होतं, पण दिलं. नणंद तोवर बाहेर गेली होती.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मोबाइल कपाटात ठेवला. नवऱ्याने मात्र सवयीने येणारे निरोप चाळले आणि एके दिवशी तो गोदामातून लवकर घरी आला.

"हे बघ," तो म्हणाला.

हातांचे फोटो होते. तपकिरी तळवे, तपकिरी नखं, आणि त्याच्याच शेजारी तेच हात स्वच्छ. 'ताई, वर्षानुवर्षं जात नव्हते, लिंबाने गेले. आता मुलगी माझ्या हातचं खाते. आभारी आहे.' असे एकोणसाठ निरोप. काही फोटोंत हातांमागे गळ्यातलं कारखान्याचं ओळखपत्र लटकत होतं. ते काढून ठेवायचं त्यांना सुचलंच नव्हतं. साक्ष द्यायला या म्हटल्यावर रस्ता बदलणारी माणसं आभार मानायला आपणहून आली होती.

डागताईंनी एकेकाला लिहिलं, की अपिलात जबाब द्याल का. वीस जणांनी लगेच त्यांना ब्लॉक करून टाकलं. बाकीचे गप्प राहिले. एकाने मात्र लिहिलं, 'हाताचे गेले, ताई. छातीतले कशाने जातात?'

चार वर्षांत कुणालाच लिहिलं नव्हतं ते डागताईंनी लिहिलं. 'मला माहीत नाही. पत्ता पाठवा. कारखान्याविरुद्ध अर्ज करणाऱ्या बाई आणि मी, दोघी येतो.'

पत्ता आला. मग त्यांनी बाकीच्यांनाही हेच लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत अकरा पत्ते आले. प्रत्येकाच्या खाली एकच अट होती, वेगवेगळ्या शब्दांत. कॅमेरा तेवढा आणू नका.

डागताई नणंदेच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत बोलावणं आलं नाही. त्यांनी पत्त्यांचा कागद पुढे केला.

"वन्सं, मी नुसती बरोबर येते. बोला तुम्ही."

नणंदेने कागद वाचला, दोनदा वाचला. मग चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाली, "हे सहावं घर आधी करू. तो माणूस जिना चढत नाही म्हणे आता." आणि चपला शोधू लागली.

अकरा घरं करायला तीन आठवडे लागले. नणंद बोलायची, डागताई जबाब लिहून घ्यायच्या, नवरा खाली स्कूटरपाशी थांबायचा. पाच घरांत पाणी मिळालं आणि नकार मिळाला. सहा जणांनी सह्या केल्या. अपील मुदतीच्या दोन दिवस आधी दाखल झालं. अधिकारी नवे आले होते. त्यांनी जबाब चाळले, फोटो पाहिले आणि कारखान्याला नोटीस काढली, की आठ दिवसांत फवाऱ्याचा नमुना द्यावा. नणंदेने त्या नोटिशीची प्रत उशाखाली ठेवली.

नमुना काही आला नाही. सुनावणीची तारीख सात महिन्यांनी लागली. त्या दिवशी पुकारा झाला तेव्हा सहापैकी चार जण आपल्या पायांनी आले. पाचव्याला दोघांनी खुर्चीसकट वर आणलं. सहाव्याच्या नावाला उत्तर आलं नाही, तेव्हा मागच्या रांगेतून त्याची बायको उठली. तिच्या हातात घडी केलेला एप्रन होता; त्यालाही शेवटच्या दिवशी तसंच रिक्षात घालून पाठवलं होतं.

"धुतलेला नाही," ती म्हणाली.