पाहुण्यांसमोर जपानी तबकडी

पाहुणे मुरूमहून निघाल्याचा फोन आला तसं द्वारकाबाईंनी मुलाला बजावलं, ती जपानी तबकडी आज घरात वाजता कामा नये. श्रीनाथ निर्व्यसनी, पगारदार, दिसायला बरा; तरी मागची दोन स्थळं ‘पोरगं जरा येगळंच हाय’ म्हणून परत गेली होती. येगळं म्हणजे काय, तर कुण्या जपानी माणसानं पन्नास वर्षांपूर्वी पत्रे फरफटत नि तारा खरवडत एक संगीत केलं होतं. तेव्हा ते कुणी ऐकलं नाही, म्हणून आता त्याची तबकडी पुन्हा नव्यानं काढली. ती मागवणारं एक गिऱ्हाईक आमच्या ढोकीत निघालं, आता बोला.

श्रीनाथ सकाळी तीच ऐकत बसला होता, तेवढ्यात लाइट गेली. तबकडी थांबली, गडी अंघोळीला गेला आणि बटण बंद करायचं राहून गेलं.

पाहुणे आले. घर बघायला मुलगी हर्षाली स्वतः आली होती आणि सोबत तिचे मामा, कृष्णराज. पोहे झाले, चहा आला. मामांना घर पसंत पडलं, हर्षालीही श्रीनाथशी दोन शब्द बोलली. द्वारकाबाई मनातल्या मनात मुहूर्त काढू लागल्या, आणि लाइट आली.

आतल्या खोलीतून आधी घरघर, मग पत्रा ओढल्यासारखा आवाज, मग एक लांबलचक किंचाळी. श्रीनाथचे वडील लिंबाजीराव घाईघाईनं म्हणाले, “बोअरची मोटार हाय. जरा कुरकुरती.”

झालं. मामांचा धंदाच जळक्या मोटारींचं वाइंडिंग भरायचा. मोटार जळायला आलीय म्हणत ते उठले. त्यांना थोपवायला द्वारकाबाईंनी तो आवाज शेजारच्या पिठाच्या गिरणीवर ढकलला. मोटार की गिरणी, हे मामांना कळेना, म्हणून ते आवाजाच्या मागं निघाले आणि त्यांनी खोलीचा पडदा सारला.

“ही काय भानगड?”

“गाणं हाय, मामा,” श्रीनाथ म्हणाला.

मामांनी सुई उचलायला हात घातला. इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या श्रीनाथनं तो हात धरला. “बाजू संपंस्तोवर ऱ्हाऊ द्या. मधीच उचलत न्हाईत.”

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. पोरगं तर सवयीनं डोळे मिटून तिथंच बसलं. यजमान असा बसल्यावर पाहुण्यांनी निघावं तरी कसं? सगळे दारात उभे राहून तो पत्रा ऐकत राहिले. एकदाची ती बाजू संपली.

“हर्षाली, चल,” मामा म्हणाले.

ती जागची हलली नाही. “मामा, मला पसंत हाय.”

“आगं, ह्ये असलं रोज ऐकशील?”

“मी बोलाया लागले की आपल्या घरात कुणी पुरतं ऐकून घेतं का? ह्यांनी पत्र्याचंसुदिक शेवटपर्यंत ऐकलं.”

मामा परत बैठकीत जाऊन बसले. द्वारकाबाईंच्या जिवात जीव आला. डोळे पुसत त्यांनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली आणि श्रीनाथजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, “दुसरी बाजू असंल तर लाव, बाबा.”