राखाडी मुखपृष्ठाचा पुरावा

अंथुर्ण्यात गुन्हे होत नाहीत, याचं श्रेय मी घेतो. मी रसायनशास्त्राचा बी.एस्सी., गावातला एकमेव गुप्तहेर आणि वाचनालयाचा चिटणीस. भिंग स्वतःचं. 'तर्कमापनाची मूलतत्त्वे' हा माझा हस्तलिखित ग्रंथ नुसत्या जाडीनेच वाचकाला नमवतो.

एका दुपारी मोहनराव बागायतदार रॉकेलचा डबा आणि वाचनालयाचा एक अंक घेऊन आले. मागे त्यांच्या आत्या, छबूबाई.

"भाऊसाहेब, वांग्याला कीड लागलीया. ह्यात छापलंय, रॉकेल मारा, कीड खलास. पर हितं दोन अंक येत्यात. एक शास्त्रज्ञांचा, एक करमणुकीचा. ह्यो कंचा? शास्त्राचा असंल तर आत्ताच मारतो. समदा मळा पणाला हाय."

मी भिंग काढलं. मुखपृष्ठ राखाडी. बाई नाही, फूल नाही, नावात 'संशोधन'.

"शास्त्रीय."

"आत कुणी नलिनीला चिठ्ठी लिवलीया."

"मानसशास्त्र. रुग्णाची नोंद."

"ही केसाच्या तेलाची जाहिरात?"

"उपयोजित रसायन."

"आन ह्यो डाग?"

मी डाग हुंगला. तेलकट, तिखट. "प्रयोगशाळेतलं द्रावण. संशोधकाच्या हातून सांडलं असावं."

"कारळ्याची चटणी हाय ती," छबूबाई म्हणाल्या. "जेवताना मीच वाचत हुते. नलिनीचं लगीन व्हतंय का न्हाय ते बघाया."

"पण छबूबाई, मुखपृष्ठ?" मी विचारलं.

"बाईचं चित्र नातवानं फाडलं. तुमी वरडता, म्हणून दुसऱ्या अंकाचं काढून ह्याला शिवलं. त्याला कोण उघडतंय?"

"तो दुसरा अंक कुठाय?"

छबूबाईंनी टेबलाच्या आखूड पायाकडे बोट दाखवलं.

अंक ओढून काढला. पानं एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यातून आल्यापासून कुणी कापली नव्हती. मोहनरावांनी विळ्याने कापली. आत वांग्याच्या किडीवर लांबलचक लेख. मी शेवट वाचून दाखवला: "रॉकेलने कीड मेली, रोपेही करपली. निश्चित उपायासाठी अधिक संशोधन आवश्यक आहे."

"हा मात्र खात्रीने शास्त्रीय," मी म्हणालो.

मोहनरावांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "आन संशोधन हुईस्तवर?"

"किडकं शेंडं खुडून जाळायचं," छबूबाई म्हणाल्या. "कालपास्नं तेच सांगतीया."

मळा वाचला. शास्त्रीय अंक आता कपाटात असतो. टेबलाखाली 'तर्कमापनाची मूलतत्त्वे' आहे. जाडी अगदी बरोबर बसली.